अण्णांचा कान आणि नवा टीव्ही

आमच्या अण्णांना तक्रार करण्याची सवय नाही. आमटीत मीठ नसले तरी ते दुसऱ्यांदा वाढून घेतात आणि आईच्या लक्षात आल्यावर, "मला वाटलं, आज बेतच असा आहे," म्हणतात. तेव्हा गेल्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही दोघा भावांनी घेऊन दिलेल्या नव्या टीव्हीबद्दल त्यांनी आठ दिवसांत तीनदा फोन केला, यावरूनच मी सावध व्हायला हवे होते.

"चित्र झकास आहे रे. पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. आवाज फाटतो. जवारी बिघडलेल्या तंबोऱ्यासारखा."

मी साताऱ्यास असतो. एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. अण्णा आणि आई सांगलीला, गावभागातल्या जुन्या घरात. तिसरा फोन आला तेव्हा माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि डोके ठिकाणावर नव्हते. मी म्हणालो, "अण्णा, टीव्ही नवाकोरा आहे. तुम्हाला आता एक्याऐंशी चालू आहे. एकदा कान दाखवून घ्या ना."

पलीकडे क्षणभर शांतता. मग "बघतो," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर तक्रार आली नाही. प्रश्न सुटला, असे मी धरून चाललो. तक्रार थांबली म्हणजे दुखणे थांबले, हा समज घरोघरी किती सोयीचा असतो! आठवड्याने आईचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "हल्ली ते आवाज बंद करूनच बघतात. खालून बातम्यांच्या ओळी सरकतात ना, त्या वाचत बसतात. म्हणतात, उगाच पोरांना त्रास कशाला."

ते ऐकून मला कसेसेच झाले. या माणसाचे सगळे आयुष्य कानावर गेलेले. सांगलीला आकाशवाणी केंद्र आले १९६३ साली. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे. तेव्हापासून घरातले घड्याळ आणि रेडिओ यांत त्यांचा विश्वास रेडिओवर अधिक. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात खालच्या मजल्यावरचा तो रेडिओ गेला. गाळ काढताना बाकी वस्तूंविषयी ते काही बोलले नाहीत. रेडिओ मात्र त्यांनी स्वतः धुऊन उन्हात ठेवला होता. तो काही पुन्हा बोलला नाही.

आणि तंबोऱ्याची उपमाही त्यांना वाऱ्यावर सुचलेली नव्हती. तरुणपणी एका गाणाऱ्या मित्राबरोबर ते मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांकडे तासन्‌तास बसत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, हा धंदा उभा केला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. जवारी काढणे हे त्यातले सगळ्यात नाजूक काम. घोडीच्या माथ्याचा उतार कानशीने केसभर घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. गाणारा "अजून नाही" म्हणाला की कारागीर निमूटपणे परत कानस उचलतो. "तुमचे कान तपासा" असे म्हणत नाही. माझ्या लेखी अण्णांची ती उपमा नुसती उपमा होती. खरे म्हणजे ते रोगाचे अचूक वर्णन होते.

दुसऱ्याच दिवशी एस.टी. पकडली. कराड गेले, पेठनाका गेला, आष्टा आले. तोवर कानाच्या डॉक्टरकडे जाण्यासाठी अण्णांचे मन कसे वळवायचे, याची वाक्ये मी जुळवीत होतो, हेही कबूल करतो. घरी पोचल्यावर चहा होताच म्हणालो, "लावा बरं बातम्या." आणि त्यांच्या शेजारी बसलो.

दहा मिनिटांत मीच गोंधळलो. माझे वय सेहेचाळीस, कान ठणठणीत. तरी निवेदिका बोलते आहे एवढेच कळे. काय बोलते ते ताणून ऐकावे लागे. मोठ्याने बोलली की शब्दाला चिरा पडत. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. मधे दुकानातून एक माणूस येऊन गेला होता म्हणे. त्याने आवाज आणखी वाढवला, "आहे की काका आवाज!" म्हणाला आणि गेला. म्हणजे आम्ही दोघे एकाच माळेचे मणी.

शेजारी वालचंद अभियांत्रिकीत शिकणारा एक मुलगा राहतो. त्याला बोलावले. त्याने मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की दोष कुठे आहे हे शोधण्याआधी तो कुठे नाही ते बघावे. त्याने एका व्याख्यानाची ध्वनिफीत पेनड्राइव्हवर आणली आणि ती थेट टीव्हीला लावली. आवाज फाटणे तत्काळ थांबले! बोलणे मात्र अजूनही घुमत होते, गढूळच होते. "काका, दोन रोग आहेत," तो अण्णांना म्हणाला. अण्णांचा चेहरा इतका उजळला की विचारू नका.

पहिला रोग टीव्हीच्या बाहेरचा निघाला. सेट-टॉप बॉक्स जुनाच होता आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांच्या जुन्या वायरीने जोडलेला. बॉक्सचा आवाज कोणीतरी शंभरावर नेऊन ठेवलेला. बुटक्या दारातून उंच माणूस ताठ चालत गेला तर जे होईल, तेच तिथे आवाजाच्या लाटांचे होत होते: टीव्हीच्या तोंडाशीच त्यांचे शेंडे छाटले जात. एकदा छाटलेला शेंडा मागाहून टीव्हीचा आवाज कमी करून परत येत नाही. म्हणून ओळखायची खूण ही, की आवाज अगदी लहान ठेवला तरी तो फाटतो. बॉक्सचा आवाज सत्तरवर आणला, टीव्हीचा वाढवला, वायरीची टोके घट्ट बसवली, चिरा गेल्या. (पेनड्राइव्ह लावूनही लहान आवाजात फाटत असते, तर स्पीकरच सदोष म्हणायचा. तेव्हा मागचे झाकण स्वतः उघडू नये. हमीची मुदत आहे तोवर लेखी तक्रार करावी. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.)

दुसरा रोग मात्र टीव्हीच्या बांध्यातच होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्या काळचे सेट आठवा. लाकडी पेटी, सरकते शटर आणि पडद्याच्या बाजूला जाळीआड समोर तोंड केलेला स्पीकर. आमच्या लहानपणी आलेला सेट दोघांना उचलावा लागे. पोट मोठे, त्यामुळे आवाजही भरदार. आताचा टीव्ही सडपातळ. चित्राला पोट लागत नाही, आवाजाला लागते. मोठा स्पीकर ठेवायला जागा नाही, समोर जाळी लावली तर शोभा जाते. म्हणून पुष्कळ सेटांत दोन इवलेसे स्पीकर खालच्या कडेला, जमिनीकडे किंवा भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. आता, खर्जाचा आवाज कोपरे वळून सगळीकडे पसरतो, पण बारीक, तार आवाज सरळ रेषेत जातो. आमचा टीव्ही जुन्या सेटच्या जागी, शोकेसच्या खणात ठेवलेला. तीन बाजूंना लाकूड. खर्ज खणात घुमत होता, तार फळीवर आपटत होता आणि वरच्या काचेआड आईच्या पितळी समया बारीक थरथरत होत्या.

टीव्ही खणातून काढून टेबलाच्या अगदी कडेशी ठेवला. रिमोटवरून आवाजाची पद्धत पाहिली तर तिथे 'स्टेडियम' निवडलेले! ते बदलून बोलणे स्पष्ट करणारी पद्धत लावली. मालिका-चित्रपटांचे ध्वनिमुद्रण पुष्कळदा पाच-सहा स्पीकरांसाठी केलेले असते. त्यांतला मधला संवादांचा. सगळे दोन स्पीकरांत कोंबले की पात्रे पुटपुटतात आणि पार्श्वसंगीत अंगावर येते. तिथेही ही पद्धत उपयोगी पडते. वेगळा साउंडबार घेणाऱ्यांनी टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंद करावा. नाही तर एक आवाज किंचित उशिरा येऊन गणपतीच्या मांडवातल्या दोन कर्ण्यांसारखा प्रकार होतो.

रात्री मला झोप लागेना. वर्गात मी वर्षानुवर्षे स्वर आणि व्यंजने शिकवीत आलो, पण ती कानात कशी शिरतात याचा विचार केला नव्हता. शब्दाचा मोठेपणा स्वरांत असतो आणि त्यांचा जोर खालच्या पट्टीत. अर्थ पुष्कळसा व्यंजनांत; त्यांतली स, श, फ, थ ही मंडळी बारीक आणि वरच्या पट्टीतली. 'स'ची फुसफूस साधारणपणे सेकंदाला चार हजारांवर कंपनांची. वयाबरोबर कान आधी गमावतो तीच पट्टी. म्हाताऱ्या माणसांना "ऐकू येतं, पण कळत नाही" असे वाटते ते यामुळे. आणि खणातला टीव्हीसुद्धा नेमकी तीच व्यंजने खात होता. वयाने अण्णांच्या कानांतून नेऊन जे थोडे शिल्लक ठेवले होते, ते आम्ही दसऱ्याच्या मुहूर्तावर विकत आणलेल्या वस्तूने गिळले. आवाज वाढवला की स्वर वाढत; व्यंजने होती तिथेच.

सकाळी मी म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं."

ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पोहे गार होतायत."

दिवाळीनंतर ते आपणहून मिरजेला जाऊन कान तपासून आले. कोणी सांगितले नव्हते. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचे ऐकणे कमी झालेले निघाले, वयाच्या मानाने असते तेवढे. फोनवर म्हणाले, "तुझंही निम्मं खरं होतं." यंत्र घ्यावे की न घ्यावे, यावर अजून विचार चालू आहे, आईचे मत घ्यावे असे आहे, म्हणून त्यांचे बहुधा घेऊ नये असे होईल.

मार्गशीर्षात पुन्हा सांगलीला गेलो तेव्हा रात्री मालिका चालू होती. नायिका सासूला काहीतरी समजावीत होती. अण्णा खुर्चीत पुढे वाकले, कपाळाला आठी घातली. मला वाटले, पुन्हा आवाज बिघडला. माझा हात रिमोटकडे गेला.

"तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत का रे हे?" ते म्हणाले. "ही मुलगी 'चांगला' म्हणताना 'चंद्रा'तला च लावते!"