मालमोटारीचा परवाना आणि घरची जमीन

नीरा-बारामती रस्त्यावरील कोऱ्हाळे बुद्रुक हें गांव नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेलें आहे. उसाच्या हंगामांत बैलगाडी, ट्रॅक्टर व मालमोटार हीं तिन्ही वाहनें येथें एकाच रस्त्यानें कारखान्याकडे जातांना दिसतात. वांटण्या होतां होतां ज्या घरीं दोन-तीन एकरच जमीन उरली, तेथील एखादा मुलगा कासरा सोडून मालमोटारीचें चाक धरूं पाहतो व परप्रांतीं माल नेण्याचा धंदा करूं म्हणतो, यांत नवल नाहीं. आणि आमच्या मतें त्यांत कमीपणाहि नाहीं. मात्र या धंद्याचा सरकारी परवाना कोणत्या पायऱ्यांनीं मिळतो, याविषयीं आमच्या कृषकवर्गांत पुष्कळ गैरसमज आहेत. ते दूर व्हावे, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

जुनी रीत.— मुलानें क्लीनर म्हणून वर्ष-दोन वर्षें उस्तादाच्या हाताखालीं राहावें, चाकें ठोकून पाहावीं, दोर आवळावे, ताडपत्री बांधावी, आणि उस्तादाची मर्जी बसली म्हणजे रात्रीं मोकळ्या रस्त्यावर चाक हातीं घ्यावें, अशी ही रीत. माल कसा भरावा व घाट कसा उतरावा, हें या रीतींत उत्तम कळतें. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तेवढ्यानें कायद्याचें समाधान होत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें या विद्येस पायऱ्या बांधून दिल्या आहेत, व एक गाळून दुसरीवर पाय ठेवतां येत नाहीं.

पहिली पायरी.— १८ वर्षें पुरीं होतांच हलक्या वाहनाचा शिकाऊ परवाना काढावा. अर्ज आतां 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर करावयाचा असतो. आमच्या तालुक्याचें परिवहन कार्यालय बारामतीस आहे. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो, व तो मिळाल्यापासून ३० दिवस लोटल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. तोंपर्यंत शेजारीं परवानाधारक शिकविणारा बसलेला असला पाहिजे, व गाडीस पुढें-मागें तांबडें 'एल' अक्षर लाविलेलें असलें पाहिजे. ट्रॅक्टरचें रिकामें वजन ७,५०० किलोच्या आंत असल्यास तोहि कायद्यानें हलकें वाहनच होय. म्हणजे शेतकामासाठीं घरीं जो परवाना लागतोच, तोच या शिडीची पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी.— भारासह १२,००० किलोहून अधिक वजनाची मालगाडी ती जड मालगाडी. तिच्या शिकाऊ परवान्यास दोन अटी आहेत: वय २० वर्षें पूर्ण असावें, आणि हलक्या वाहनाचा पक्का परवाना निदान एक वर्ष हातीं असावा. हें वर्ष फुकट दवडण्याचें कारण नाहीं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेल्या निर्णयाप्रमाणें, भारासह ७,५०० किलोच्या आंतील मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवितां येते. तेव्हां लहान टेंपोवर जवळच्या बाजारपेठेस माल पोंचवून हात बसवावा, हें उत्तम. अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागतो. त्यांत २५ मीटरवरून मोटारीचा क्रमांक वाचतां येतो कीं नाहीं, तांबडा व हिरवा रंग ओळखतो कीं नाहीं, रातांधळेपणा आहे काय, कान कसे आहेत, हें पाहतात. इयत्ता आठवीची पूर्वीची अट २०१९ सालीं रद्द झाली; तथापि पावत्या व रस्त्यावरील पाट्या ज्यास वाचतां येत नाहींत, त्यानें परमुलुखांत दुसऱ्याच्या भरंवशावर किती दिवस काढावे?

तिसरी पायरी.— जड वाहनाच्या पक्क्या परवान्यास मान्यताप्राप्त चालकशाळेचें प्रमाणपत्र आवश्यक आहे. उस्तादाची शिफारस येथें चालत नाहीं. २०२१ च्या नियमांनीं जीं अधिकृत शिक्षणकेंद्रें निघालीं, त्यांत जड वाहनाचा क्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा ठेविला आहे, व तेथें उत्तीर्ण झालेल्यास कार्यालयांत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाहीं. इतरांस ती परीक्षा द्यावीच लागते. पुण्याजवळ भोसरीस १९६७ सालीं स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था आहे. तिच्याकडेहि चालकांच्या शिक्षणाची सोय असते. पैसे मोजून नुसता कागद आणणाऱ्यास भरली गाडी मागें घेणें किंवा चढावर थांबवून पुन्हा काढणें साधत नाहीं, आणि तें घाटांत कळून उपयोग नाहीं.

परवाना मिळाल्यावर.— जड वाहनाचा परवाना ५ वर्षें टिकतो. मुदत संपण्यापूर्वीं एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करतां येतो. मुदत संपल्यावर मात्र एक दिवसहि गाडी हांकूं नये. डिझेल किंवा आसवनींतील मद्यार्क यांसारखा ज्वालाग्राही माल न्यावयाचा तर ३ दिवसांचें निराळें शिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते, व ती ३ वर्षेंच चालते. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यानें ५ तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति ठरविली होती. झोप ही कोणत्याहि कागदानें भरून निघत नाहीं.

मालकाची जबाबदारी.— आतां मुख्य गोष्ट. गाडी बहुधा वडिलांच्या नांवावर कर्जानें घेतलेली असते व चाकावर मुलगा किंवा भाचा असतो. विनापरवाना मनुष्याच्या हातीं गाडी दिल्यास मालकास ५,००० रुपये दंड आहे. तो सोसतां येईल. परंतु अपघातांत कोणी दगावल्यास भरपाई लाखांनीं मोजावी लागते. चालकाचा परवाना योग्य नव्हता व मालकानें तें पाहिलें नाहीं, असें ठरल्यास विमा कंपनी जखमीस दिलेली रक्कम मालकाकडून परत मागूं शकते. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २००४ मध्यें स्पष्ट केलें आहे कीं, ही रक्कम कायद्याच्या १७४ व्या कलमान्वयें जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होऊं शकते.

महसूल खात्यांत आमचें आयुष्य गेलें. 'जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें' या शब्दांचा अर्थ आम्हांस पुरा ठाऊक आहे. आधीं मागणीची नोटीस येते, मग जंगम मालाची जप्ती, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर स्थावराची जप्ती व लिलांव. ज्या जमिनीस पूरक म्हणून गाडी घेतली, तीच जमीन गाडीपायीं जाण्याची पाळी येते.

म्हणून आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे. मुलगा १८ वर्षांचा झाला कीं पहिला परवाना काढून द्यावा, विसाव्या वर्षापर्यंत त्यास हलक्या गाडीवर राबवावा, आणि चालकशाळेची फी बियाण्याच्या खर्चाइतकीच आवश्यक समजावी. परका चालक ठेवतांना त्याचा परवाना कोणत्या वाहनाचा व कोणत्या तारखेपर्यंत आहे हें स्वतः वाचून, नक्कल घरीं ठेवावी. दोन वर्षांची वाट पाहणें कोणासहि जड वाटेल. पण बी पेरल्या दिवशीं कणीस मागूं नये, हें शेतकऱ्यास दुसऱ्यानें सांगावयास नको.