वऱ्हाडचा प्रश्न आणि वाटाघाटींचा अधिकार

वादग्रस्त प्रदेशासंबंधी शेजारी सत्तांनी वाटाघाटी कराव्यात किंवा नाही, हा प्रश्न निघाला म्हणजे अभ्यासकाचे लक्ष सहसा काश्मीरकडे, १९६६ च्या ताश्कंद कराराकडे आणि १९७२ च्या सिमला कराराकडे जाते. त्याहून जवळचे व अधिक बोधप्रद असे वऱ्हाडचे उदाहरण मात्र उपेक्षित राहते. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नदीच्या पलीकडे निजामाचे राज्य होते. अलीकडेही, कायद्याच्या दृष्टीने, निजामाचेच होते. परंतु अलीकडच्या तीरावर महसूल वसूल करणारा अधिकारी इंग्रजांचा होता. येथे मुंबईच्या धर्तीची रयतवारी आणि कलदार रुपया, तेथे हाली शिक्का आणि पुढे उर्दूचा राज्यकारभार. नदी व्यवहारात सरहद्द होती, कायद्यात नव्हती. वादाचे मूळ या विसंगतीत आहे.

१८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला व पुढील वर्षी तो निजामाकडे आला. २१ मे १८५३ रोजी हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आले. ही देणगी नव्हती की विक्रीही नव्हती. उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवावा व शिल्लक हिशेबासह निजामास द्यावी, असा तो व्यवहार होता. १८६० च्या तहाने रायचूर व धाराशिव परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले, परंतु वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले आणि हिशेब देण्याचे बंधनही सुटले. पहिल्या सालारजंगाने वऱ्हाड परत मिळविण्याचा ध्यास घेतला आणि १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला. यश आले नाही. धनको व कुळ यांच्यातील बोलणी ज्या प्रकारची असावयाची त्याच प्रकारची ही बोलणी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१९०२ ची घटना अधिक विचारार्ह आहे. लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेस गेला, मीर महबूब अली खानाशी त्याची समक्ष बोलणी झाली आणि ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. निजामाचे सार्वभौमत्व मान्य झाले, आणि त्याची खूण म्हणून त्याच्या वाढदिवशी वऱ्हाडात त्याचे निशाण चढू लागले. निजामास त्या सुमारास ‘जी. सी. बी.’ ही पदवी मिळाली, तेव्हा तिचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा लोक लावू लागले. थट्टा मार्मिक खरी. तथापि ‘दिले’ हे क्रियापद कायद्याने चुकीचे होते. सार्वभौमत्व दिलेच नव्हते, आणि पुढील चाळीस वर्षांचा वाद त्यावरच उभा राहिला.

ऑक्टोबर १९२३ मध्ये मीर उस्मान अली खानाने व्हाइसरॉयकडे वऱ्हाड परत मागितले. वऱ्हाडी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती देण्याचे आश्वासनही त्याने दिले. जी सनद हैदराबादच्या रयतेला लाभली नव्हती ती वऱ्हाडला देऊ करणे, यातील विनोद समकालीनांच्या ध्यानी आल्यावाचून राहिला नसेल. लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्रात जे उत्तर दिले ते वऱ्हाडापुरते राहिले नाही. ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असल्याने कोणाही संस्थानिकास तिच्याशी समान पातळीवरून वाटाघाटी करण्याचा हक्क नाही, असा त्याचा आशय होता. निजामाची मागणी योग्य की अयोग्य, हा मुद्दा येथे दुय्यम झाला. बोलण्याची पात्रताच नाकारण्यात आली. चर्चेस नकार देणारा पक्ष पुष्कळदा आपली बाजू दुर्बळ आहे म्हणून नकार देतो असे मानले जाते. रीडिंगच्या नकाराचे कारण निराळे होते. चर्चेस बसणे म्हणजेच समानता मान्य करणे, हे त्याने ओळखले होते.

असे असूनही दहा वर्षांत बोलणी झालीच. १९३५ च्या कायद्यातील संघराज्यात हैदराबाद यावे अशी इंग्रजांची निकड होती. सिद्धान्त मागे घेतला गेला नाही; तो केवळ बाजूस ठेवण्यात आला. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारान्वये निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, गव्हर्नरच्या नेमणुकीत निजामाचा सल्ला घेण्याचे ठरले. राज्यकारभार मात्र ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या एकाच प्रांताचा राहिला. एकाने नाव घेतले, दुसऱ्याने ताबा ठेवला. उभय पक्षांस आपापल्या दरबारात विजय सांगता येईल असा हा तह होता, आणि म्हणूनच तो होऊ शकला. त्याचा दोषही त्यातच होता: वाद मिटला नाही, निद्रिस्त झाला. १९४७ च्या जुलैमध्ये छत्तारीच्या नवाबाच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ दिल्लीस गेले तेव्हा सार्वभौम सत्ता संपुष्टात येताच वऱ्हाड परत मिळावे, ही मागणी त्याच्या मागण्यांत होती.

या साऱ्या काळात केळापूर, वणी वा अमरावती येथील माणूस चर्चेच्या मेजाजवळ कोठेच दिसत नाही. १८५३, १८६०, १९०२, १९३६ या चारही करारांत वऱ्हाडची प्रजा ही वाटाघाटीचा विषय होती, पक्ष नव्हती. बापूजी अणे यांच्यासारखा वणीचा पुढारी अखिल भारतीय कीर्तीचा झाला, तरी वऱ्हाडच्या सार्वभौमत्वाचा निर्णय हैदराबादचा राजवाडा व दिल्ली यांच्या दरम्यानच होत राहिला. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात वऱ्हाडचे नेते आपल्या प्रांताच्या भवितव्यासंबंधी पश्चिम महाराष्ट्राच्या नेत्यांशी स्वतः बोलले. त्या बैठकीत निजाम नव्हता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाचा दावा निरर्थक झाला. अर्थात तो वाटाघाटींनी निकालात निघाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पैनगंगेचा काठ त्यानंतरही वाटाघाटींचा विषय राहिला आहे. केळापूर तालुक्यातील चनाखा येथील बंधाऱ्यासंबंधी महाराष्ट्र व तेलंगण यांचा करार २०१६ मध्ये झाला. तीर कोणाचा हे तेथे वादग्रस्त नव्हते, प्रश्न पाण्याचा होता. पूर्वेस जिवती तालुक्यातील चौदा गावांवर मात्र दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, आणि तेथील कुटुंबांजवळ दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका साठल्या.