पाठीतले पाणी काढू द्यावे का?

नवी मुंबईत मुलांवर उपचार करताना मला सर्वाधिक विरोध होतो तो एका तपासणीला: पाठीतले पाणी काढण्याला. "डॉक्टर, मूल पांगळे होईल," असे आजी म्हणतात आणि आई-वडील सही करायला कचरतात. मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे सूज आली असेल, तर हेच तास मोलाचे. उशीर झाल्यास वाचलेले मूलही बहिरे होऊ शकते.

मोठे मूल डोके दुखते, उजेड सोसत नाही असे सांगते; त्याची मान ताठ होते. तान्ह्या बाळाची मान मात्र पुष्कळदा मऊच राहते. ते दूध सोडते, किंचाळून रडते, कडेवर घेतले तर अधिकच रडते. शांत असतानाही टाळू फुगलेली दिसते.

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात, थोडेसेच पाणी घेतात आणि शरीर ते भरून काढते. पाणी गढूळ, साखर कमी, पांढऱ्या पेशी भरपूर, तर जंतूंचा दाट संशय. क्षयाचा मेंदूज्वर बहुधा दोन-तीन आठवडे रेंगाळत येतो. मूल फारच अत्यवस्थ असेल तर आम्ही आधी औषध सुरू करतो, पाणी नंतर काढतो.

आधी अँटिबायोटिक दिले असेल, तर पाण्यात जंतू सापडणे अवघड होते. तेव्हा जुनी चिठ्ठी बरोबर आणा. ती हरवली असेल, तर रिकामी बाटली तरी!