घोडे पाहावेत की ऐकावेत?

सयाजीराव नावाचा एक घोडा होता, असे आज बडोद्यात कोणास सांगितले तर ऐकणारा आधी रागावतो आणि मग हसतो. पण गोष्ट खरी आहे. श्रीमंत प्रतापसिंह महाराजांनी १९४५ साली विलायतेत एक शिंगरू २८,००० गिनींस विकत घेतले. एक वर्षाच्या शिंगरास एवढी किंमत त्या देशात तोवर कोणी मोजली नव्हती. त्यास त्यांनी आपल्या आजोबांचे नाव दिले, आणि १९४७ साली सेंट लेजर जिंकून त्या जनावराने ते नाव राखले. पुढल्याच वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज ही शर्यत मारली. या शौकापायी खजिन्याचे काय झाले, हा निराळा विषय आहे. जुन्या घरांतील मंडळींस तो मी सांगावयास नको.

माझे वडील अगदी कोवळ्या वयात कलावंत कारखान्यात साथीला बसू लागले होते. मी त्यांना उतारवयात झालेला. यांतील एकही घोडा त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. बडोद्याच्या घोड्यांचा पराक्रम बडोदेकरांनी नुसता ऐकला. म्हणूनच की काय, शर्यत ही ऐकण्याची वस्तू आहे असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. जुगाराशी माझा काही संबंध नाही, हे आमच्या सौभाग्यवतींच्या समाधानासाठी येथेच नमूद करून ठेवतो.

माझा एक जुना शिष्य लंडनजवळ स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे शिकवणीच्या निमित्ताने माझे दोन-तीनदा जाणे झाले. त्याच्या शेजारी एक निवृत्त टपालवाले गृहस्थ राहतात. शर्यतींचे मोठे दर्दी! शनिवारी दुपारी त्यांच्याकडे चार समवयस्क जमतात, आणि घोड्यांवर जेवढे भांडत नाहीत तेवढे ते शर्यत दाखविण्याच्या तऱ्हेवर भांडतात. आपल्याकडे गवयापेक्षा ध्वनिक्षेपकावर वाद रंगतो, त्यातलाच प्रकार.

त्यांचे दुःख समजावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. ग्रँड नॅशनल ही तिकडची सर्वांत गाजलेली अडथळ्यांची शर्यत. बीबीसीने १९२७ साली तिचे धावते समालोचन प्रथम रेडिओवर ऐकविले, आणि १९६० पासून २०१२ पर्यंत ती दूरदर्शनवर दाखविली. या काळाचा आवाज म्हणजे पीटर ओसुलिव्हन. मी त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे गवयाच्या कानाने ऐकली आहेत. आरंभी विलंबित, एकेका घोड्याचे नाव स्वच्छ, सुटे. मग लय हळूहळू चढते, पण शब्द एकमेकांवर आदळत नाहीत. शेवटच्या वळणावर द्रुत सुरू होते आणि बरोबर अंतिम रेषेवर सम येते. चाळीस घोडे, चाळीस रंगांचे अंगरखे, पाऊस, धुके, आणि त्यात एकही नाव चुकवावयाचे नाही! याला तालीम लागते. १९७४ साली चेल्टनहॅमला ट्रायम्फ हर्डल ही शर्यत त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या ‘अ‍ॅटिव्हो’ने जिंकली, तेव्हा समालोचन तेच करीत होते. स्वर तसूभरही हलला नाही. आमच्यातल्या किती जणांना आपल्याच मुलाच्या गाण्याला अशी तटस्थ साथ करता येईल?

ओसुलिव्हन १९९७ साली निवृत्त झाले. पंधरा वर्षांनी बीबीसीनेच शर्यती सोडल्या आणि २०१३ पासून त्या सगळ्या चॅनेल फोरकडे गेल्या. बीबीसीवर जाहिराती नसत. येथे त्या आल्या. ‘घोडे सुटावयाच्या वेळी साबण विकतात,’ अशी एका म्हाताऱ्याची तक्रार मी ऐकली. ग्रँड नॅशनल पाहणाऱ्यांचा ऐन वेळचा आकडा २०१२ साली १ कोटी ९ लाखांच्या घरात होता. तो पुढच्या वर्षी ८९ लाखांवर आला.

त्याच बदलात जॉन मॅकक्रिरिक गेले. शिकारी टोपी, गालभर कल्ले, अंगठ्या, आणि बुकींच्या खाणाखुणांनी हातवारे करीत भाव सांगणारे हे गृहस्थ चॅनेल फोरवर वर्षानुवर्षे दिसत. वयामुळे काढले म्हणून त्यांनी दावा लावला आणि २०१३ मध्ये तो हरले. त्यांची बेताल वागणूक आणि बायकांविषयीची मते मोठ्या प्रेक्षकवर्गास रुचणारी नव्हती, असे न्यायासनाने म्हटले. या एका माणसावर त्या बैठकीत उभी फूट आहे. दोघे म्हणतात, तो गेल्याने अड्ड्याचा जिवंतपणा गेला. टपालवाल्यांची पत्नी चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘तो गेल्यापासून मी खोलीत बसू लागले.’ माझे मत तिच्या बाजूने पडते.

२०१७ च्या पहिल्या दिवसापासून हक्क आयटीव्हीकडे आले. निवेदक तरुण, हसतमुख. सोबत निवृत्त जॉकी टोनी मॅकॉय. नवख्यास समजेल असे सांगणे वाढले. टपालवाल्यांची नात आता आजोबांजवळ बसते, हा त्याचाच गुण. पण जुने लोक कुरकुरतात, की टोप्या आणि पोशाख फार, आणि घोडा मैदानात फिरवून दाखवतात तेव्हा त्याच्या चालीवर बोलणे थोडके. या कुरकुरीत तथ्य आहे. राग कोणता हे समजावून सांगणे ठीक. परंतु सगळा वेळ निवेदनातच गेला तर आलाप केव्हा व्हावयाचा?

पैशाचे दुखणे वेगळेच. २०१९ च्या आरंभी आयर्लंडच्या शर्यती एका वाहिनीवरून रेसिंग टीव्ही नावाने पुढे आलेल्या स्वतंत्र वर्गणीच्या वाहिनीकडे गेल्या. रोजचे दर्दी त्यामुळे चिडले. शनिवारचे पाहुणे फुकट पाहतात आणि वर्षभर निष्ठेने पाहणाऱ्याने दोनदोन ठिकाणी पैसे भरावेत, हा त्यांचा सवाल. आश्रयदाता बदलला म्हणजे प्रथम घरच्या श्रोत्याचीच जागा हलते, हे आम्हा संस्थानी माणसांस कोणी शिकवावयास नको. २०२४ साली ग्रँड नॅशनलमध्ये घोडे चाळीसांवरून चौतीसांवर आणले आणि शर्यत चार वाजता सुरू केली. घोड्यांच्या जिवासाठी केलेल्या त्या कपातीवर मात्र बैठकीत कोणी तोंड उघडले नाही.

खरे भांडण कॅमेऱ्याचे. पूर्वी चित्र बाजूने, दुरून, एकसारखे चाले. कोण पुढे, कोण मागे, हे पोरालाही कळे. आता मध्येच आकाशातून, मध्येच समोरून, मध्येच जॉकीच्या टोपीवरून दृश्य येते. समोरून पाहिले की चार हात मागे असलेला घोडा बरोबरीने धावताना भासतो, आणि समालोचक एक सांगतो तर डोळा दुसरे पाहतो. ठेका आणि गाणे दोन घरांतून यावे तसे ते होते. तरुण मंडळींना टापांखालची माती अंगावर उडाल्यासारखी वाटते, आणि तो आनंदही खोटा नाही. टपालवाल्यांची मागणी एवढीच आहे, की ही करामत आधीच्या फेरीत हवी तितकी करा, पण शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषेपर्यंत चित्र बाजूचेच ठेवा आणि जाहिरातवाल्यांस दाराबाहेर थांबवा. तसे पत्र त्यांनी वाहिनीस धाडले आहे. त्यावर सही करावयास मला परदेशी म्हणून अधिकार नव्हता. नाहीतर सयाजीराव घोड्याच्या गावचा म्हणून मी ती केली असती.