दुसरा पिस्टन

सकाळी ७. श्रावणात लग्नं नाहीत, पण गणपती तोंडावर आलेत. रियाजाला बसलो तर ट्रंपेटचा दुसरा पिस्टन दाबला की वर येईना. पुसून, तेल घालून पाहिलं. तसाच.

९. बँडमास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "दुकान कोणतं चांगलं हे विचारू नकोस. जुन्या वादकांपैकी कोणाचे पिस्टन सुरळीत चालतात ते बघ आणि तो कुठे जातो ते विचार."

११. धोबीतलाव. वाटेतल्या एका दुकानदारानं पिस्टनला हातही लावला नाही. "ठेवून जा, बफिंग करून नवा करतो." बफिंगनं पितळ झिजतं, पिस्टन सुटत नाही. ट्रंपेट उचलून निघालो.

१२. मास्तरांच्या जुन्या वादक मित्राचे पिस्टन सुरळीत चालतात, त्यानं सांगितलेला गाळा. मिस्त्रींचा पहिला प्रश्न, "कशावर आपटला?" दुसऱ्या पिस्टनची आखूड स्लाइड बाजूला बाहेर आलेली असते. तिला ठोसा बसला की दाब थेट पिस्टनच्या नळकांड्यावर जातो. पिस्टन आणि नळकांड्यामधली फट केसाहूनही कमी, त्यामुळे नळकांडं जरासं दबलं तरी पिस्टन अडतो. घाईचा कारागीर अशा वेळी पिस्टनच घासून बारीक करतो. मग तो चालतो खरा, पण हवा गळायला लागते, आणि गेलेला धातू परत येत नाही. दुसरा पिस्टन आणून बसवावा म्हटलं तर तो ज्याच्या त्याच्या नळकांड्याशी घासून जुळवलेला असतो. बँडची बरीचशी वाद्यं मेरठच्या जाली कोठीतून येतात. सुटा भाग तिकडून येईपर्यंत विसर्जन उरकेल!

मिस्त्रींनी दबलेली जागा आधी मला दाखवली, पैसे सांगितले, मगच हत्यार घेतलं. माउथपीसपुढच्या नळीवर गुलाबी ठिपके होते. पितळातलं जस्त निघून गेलं की मागे तांबं उरतं, त्याचा तो रंग. "झाळून उपयोग नाही, पुढेमागे नळीच बदलावी लागेल. आत्ता राहू द्या," म्हणाले. हातचं काम सोडणारा माणूस. मला तिथेच पटलं.

२. राइस प्लेट.

४. पिस्टन न दाबता मिस्त्रींनी स्लाइड थोडी बाहेर ओढली, मग पिस्टन दाबला. टप्प! हवा धरली होती. पैसे सांगितले तेवढेच घेतले.

७. तालीम. युफोनियमवाल्याचा माउथपीस अडकलाय आणि तो पकड शोधतोय. त्याला थांबवलं, गाळ्याचा पत्ता दिला. तिथे माउथपीस उपसायचा पुलर आहे.