महिन्याला अर्धा इंच

शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, लग्नाआधी मी केस शिवून घेणार आहे." डोक्यावर केस शिवायचे म्हणजे काय, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. ती चौकशीला निघाली तेव्हा मीही तिच्याबरोबर रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका पार्लरमध्ये गेले.

पार्लरवाल्या ताईंनी आधी तिची वेणी सोडली. बोटं मुळांपर्यंत नेली आणि कानशिलापाशी येऊन थांबल्या. तिथे केस विरळ होते. काही न बोलता त्यांनी कपाटातून केसांच्या दोन पट्ट्या काढल्या, एकीतला केस ओढून घेतला आणि त्याला काडी लावली. तो चुरचुरत जळला, चिमटीत धरल्यावर त्याची पूड झाली. दुसऱ्या पट्टीतला केस वितळला आणि टोकाला कडक मणी धरला. "हा नायलॉन. पहिला खरा." पीस जळल्यासारखा तो वास एसीच्या बंद खोलीत रेंगाळत राहिला. हे केस कुणाच्या तरी डोक्यावर वाढले होते, ही जाणीव मला त्या वासाने करून दिली. तिरुमलाला नवसाचे उतरवलेले केस देवस्थान लिलावात विकतं. फेरीवाले दारोदार फिरून कंगव्यातले गुंतेही विकत घेतात. त्या गुंत्यात केसांची मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात, म्हणून असे केस लावले की पुन्हा लवकर गुंततात.

मग पद्धतींची चर्चा सुरू झाली. शिवण्यासाठी स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या डोक्याला चिकटून घालतात आणि वाकड्या सुईने पट्टी त्या वेण्यांवर टाचतात. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या क्रिस्टिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय केशरचनाकार स्त्रीला केस कायमचे जोडण्याच्या पद्धतीसाठी 1952 साली पेटंट मिळालं होतं. दाट, कुरळ्या केसांत अशा वेण्या घट्ट बसतात. आपल्या सरळ, गुळगुळीत केसांतून त्या ओघळतात. मग त्या बसाव्यात म्हणून आणखी आवळायच्या, म्हणजे सगळा ताण मुळांवर. टेपच्या पद्धतीत आपल्या केसांची पातळ बट दोन चिकट पट्ट्यांच्या मध्ये दाबतात. बारीक कड्यांत केस अडकवण्याची पद्धतही आहे, केराटिन वितळवून चिकटवण्याचीही.

"कशानेही लाव," ताई म्हणाल्या, "केस महिन्याला अर्धा इंच वाढतात. तेवढा जोड खाली सरकतो."

दोन महिन्यांत इंचभर. सरकलेला जोड हलतो, लोंबतो, मुळाला ओढतो, आणि पुन्हा पार्लर गाठावं लागतं. ताईंनी एका गिऱ्हाइकाचा मोबाइलवरचा फोटो दाखवला, चेहरा वगळून काढलेला. कपाळाच्या कडेला केसांची रेघ बोटभर मागे गेली होती. सतत ओढ बसून असं होतं. वेळीच थांबलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मूळच मरतं. हा फोटो पाहिल्यावर "कायमचे केस" म्हणून जे विकलं जातं, त्यावरचा माझा विश्वास उडाला.

त्यात कोकणची हवा. मे महिन्यात घामाने मान भिजलेली असते आणि जूनपासून धुतलेली वेणी दिवसभर वाळत नाही. शिवलेल्या पट्टीखालची ओल तशीच राहिली की खाज सुटते, कुबट वास येतो. टेपच्या गोंदाला तेल चालत नाही, आणि आमच्याकडे खोबरेल तेलावाचून डोकं माहीतच नाही.

मुलीने सगळं ऐकून घेतलं, पण तिचा प्रश्न वेगळाच होता. "ताई, क्लिपने लावायचे केस रात्री काढायचे ना? सासरी पहिल्याच सकाळी उशाशी केस दिसले तर काय म्हणतील?"

हा प्रश्न मला अजून सोडत नाही. पट्टी, टेप, कडी यांच्या किमतींची तुलना मी मनात मांडत होते, आणि ती मात्र सासरच्या बंद नसलेल्या दाराचा विचार करत होती. विरळ केसांची लाज तिला कुणी दिली, हे मी विचारलं नाही. ताईही हसल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून एक गंगावन काढलं. आईचं, त्या म्हणाल्या. मुलीच्या केसांचा बुचडा बांधून त्याच्या मुळाशी गंगावनाची दोरी आवळली आणि पेड एकत्र घेत वेणी घातली. वजन बुचड्यातल्या सगळ्या केसांवर वाटलं जातं, एकट्या बटेला ओढ बसत नाही. "माझी आई लग्नात हेच लावून बसली होती. सासूला माहीत होतं. सासूनेच बांधलं होतं."

टेप किंवा शिवण यात ताईंना जास्त पैसे मिळाले असते, शिवाय दर दोन महिन्यांनी गिऱ्हाईक परत आलं असतं. तरी कानशील सुधारल्याशिवाय आपण ते करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळ्याच पार्लरमधून असं सांगत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

मुलीने मुहूर्तासाठी गंगावन ठरवलं आणि रिसेप्शनसाठी खऱ्या केसांचा क्लिपचा सेट. होणाऱ्या नवऱ्याला आजच फोनवर सांगते, म्हणाली. सासूबाईंचं नंतर पाहू. ताईंनी क्लिप कुठे बसवायच्या ते आरशात दाखवलं, कानशील सोडून, मागे, जिथे केस दाट आहेत तिथे. "झोपताना काढ. विंचरताना टोकाकडून वर ये. आणि तेल डोक्याला लाव, सेटला नको." मग पुढच्या मुलीला हाक मारली.