केनेल असलेलं घर

घरात केनेल असलं की फोन दोन प्रकारचे येतात. पहिल्या प्रकारात "पिल्लू केवढ्याला?" एवढंच विचारलं जातं. दुसऱ्या प्रकारात माणूस आधी स्वतःविषयी सांगतो. घर कुठे आहे, दिवसभर घरी कोण असतं, आधीचं कुत्रं कशानं गेलं. पहिल्या फोनवर माझे सासरे किंमत सांगतच नाहीत. ते उलट विचारतात, "कितव्या मजल्यावर राहता? सकाळी फिरवणार कोण?" बऱ्याचदा पलीकडचा फोन तिथेच बंद होतो. केनेलचा हिशेब सासूबाईंकडे असल्यामुळे त्या कपाळाला हात लावतात. पण पुढचा फोन त्यांनी उचलला, तरी त्यांचे प्रश्न तेच असतात.

आमचं केनेल साताऱ्याच्या जरा बाहेर आहे. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड आणि सासऱ्यांच्या हट्टापायी कारवानी. अशी केनेल महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहेत. कुणाची शेतावरच्या वस्तीत, कुणाची बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पाटी क्वचित असते. शेजाऱ्यांची तक्रार मात्र नक्की असते. इथे पिल्लाचे पैसे मोजून घेणारा, रात्र जागणारा आणि मेलेलं पिल्लू पुरणारा माणूस एकच असतो. धंदा म्हणून ही मोठी अडचण आहे, कारण ज्याचा जीव गुंतलाय त्यालाच निर्णय घ्यावा लागतो. कुत्र्यांच्या दृष्टीने पाहिलं, तर घरगुती केनेलचा खरा फायदाही हाच.

त्रेसष्ट दिवस आणि एक रात्र

मादी साधारण सहा-सात महिन्यांनी हीटवर येते. मेटिंग लागलं की सुमारे 63 दिवसांनी ती विते. शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे थर्मामीटर देवघराशेजारच्या कोनाड्यात येतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102 अंश फॅरनहाइट असतं. ते 99च्या खाली उतरलं, की बहुधा पुढच्या चोवीस तासांत पिल्लं होणार असं धरायचं. मग घरातल्या लग्नकार्याला कोण जाणार आणि मागे कोण राहणार, हे नव्याने ठरतं.

पहिल्या वेताची मादी कधीकधी गोंधळते. बाहेर आलेल्या पिशवीकडे नुसती बघत राहते. अशा वेळी पिशवी फाडणं, नाक-तोंड पुसणं, नाळ दोऱ्याने बांधून कापणं हे सगळं आपल्याला करावं लागतं. टॉवेलात घेऊन चोळताना हातात एक ओला, निपचित गोळा असतो. तो अचानक तोंड उघडून चिरकतो, तेव्हा सासूबाई मोठ्यांदा हसतात. इतक्या वर्षांत त्यांचं ते हसू बदललेलं नाही.

सगळ्याच रात्री अशा सरत नाहीत. मादी अर्धा तास जोराने कळा देत असूनही पिल्लू येत नसेल, किंवा पोटात पिल्लं शिल्लक असताना दोन तास उलटले, तर वाट बघत बसायचं नसतं. डॉक्टर गाठायचा. पहाटे तीनला गाडी काढायची, रस्त्यात तिचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि सिझेरियनचा खर्च मनात येऊ द्यायचा नाही. बुलडॉगसारख्या मोठ्या डोक्याच्या जातींत तर सिझेरियन नेहमीचंच झालं आहे. दिसायला गमतीदार म्हणून माणसाने जो आकार निवडला, त्याची किंमत मादी ऑपरेशनच्या टेबलावर मोजते.

जन्मलेलं पिल्लू आंधळं आणि बहिरं असतं. पहिल्या दिवसांत त्याला थरथरून अंगात ऊब आणता येत नाही. आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीदेखील होत नाही. आई नसेल, तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस फिरवून ते काम आपण करायचं. गार पडलेल्या पिल्लाला मायेने आधी दूध पाजलं, तर ते हमखास बिघडतं, कारण थंडावलेलं पोट दूध पचवत नाही. आधी ऊब, मग दूध. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर बांधतो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करतो. वजन वाढलं तर ठीक. एक दिवस अडलं की लक्ष ठेवायचं. घटलं की त्या रंगाचं नाव घरात हळू आवाजात घेतलं जातं. बाहेरून काहीच दोष नसलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत विझत जातं आणि कारण बहुतेकदा कळत नाही. ते परसात पुरलं जातं आणि वहीत त्याच्या रंगापुढे तारीख पडते.

चपला बाहेर

आमच्याकडे येणाऱ्याला पहिल्यांदा चपला फाटकाबाहेर काढायला सांगतात. त्यात सोवळंओवळं नाही, पार्व्हो आहे. कुत्र्यांचा हा विषाणू 1978च्या सुमारास जगाच्या ध्यानात आला आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पोचला. तो आतड्याचं अस्तरच खरवडून काढतो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि पिल्लू दोन दिवसांत चिपाडासारखं होतं. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, चपलेच्या तळव्याला चिकटून येतो आणि आपण विश्वासाने ओततो त्या फिनेलने तो मरेल याची खात्री देता येत नाही. त्याला ब्लीचच लागतं. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि फरशी आधी घासून स्वच्छ केलेली.

लस आहे, तरी पिल्लं का जातात? पहिल्या दिवशीच्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती शिल्लक असेपर्यंत लस लागू होत नाही. ती ओसरत जाताना मात्र काही दिवस असे येतात, की आईचं संरक्षण पुरेसं उरलेलं नसतं आणि लस अजून लागलेली नसते. हे दिवस प्रत्येक पिल्लाचे वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत डोस द्यायचे. "एक इंजेक्शन झालंय ना" असं म्हणून पिल्लाला बागेत फिरवणारी माणसं याच फटीत सापडतात.

एकदा पार्व्हो आमच्या शेडमध्ये शिरला होता. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही एकही वेत घेतलं नाही. मागण्या येत होत्या, माद्या तयार होत्या, तरी शेड रिकामी ठेवली. आकड्यांत ते वर्ष वाईट गेलं.

स्वयंपाकघरातली शाळा

दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, त्यानंतर कान. तिसऱ्या आठवड्यापासून घर ताब्यात जातं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 साली कुत्र्यांच्या स्वभावावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखीचं की परकं हे ठरवतं. या काळात माणसाचा हात न लागलेलं पिल्लू पुढे माणसाला बिचकतं. म्हणून आम्ही ही पिल्लं शेडमध्ये ठेवतच नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, पोरांची पळापळ, दारात सुरू होणारी स्कूटर, पाहुण्यांची काठी हे सगळं त्यांना याच वयात भेटायला हवं. ताटलीत सेरेलॅक कालवून ठेवलं की सगळी एकदम त्यात उतरतात. खाणं थोडं, अंघोळच जास्त. घरातलं सगळ्यात मोठं सुख विचाराल, तर या चार-पाच आठवड्यांत आहे, आणि ते कुठल्याही पावतीवर येत नाही.

कायदाही इथेच सुरू होतो. केंद्र सरकारच्या 2017च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, अठरा महिन्यांच्या आतल्या मादीची वीण घेता येत नाही, आयुष्यात तिची पाचाहून जास्त वेतं घ्यायची नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. बाजारात मात्र महिन्याची पिल्लं टोपलीत मिळतात, कारण तेव्हा ती जास्त गोंडस दिसतात आणि त्यांचा खाण्याचा खर्च अजून सुरू झालेला नसतो.

दिवाळीत आम्ही पिल्लं देत नाही. माणसाला वीस हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. परकं घर, आईविना पहिली रात्र आणि खाली सुतळी बॉम्ब, ही ओळख आयुष्यभर टिकते. शिवाय भेट म्हणून दिलेलं पिल्लू मे महिन्याच्या सुट्टीच्या सुमारास परत येण्याची शक्यता दांडगी. "गावाला जायचंय, याला कुठे ठेवणार?" परत आणलं तर आम्ही घेतो. रस्त्यावर सोडण्यापेक्षा ते बरं, असं पिल्लू सोपवताना प्रत्येक घराला आधीच बजावलेलं असतं.

फॅशनचं ओझं

2003 साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे एक पग चालत गेला आणि देशभर पगची मागणी उसळली. चपट्या नाकाचा हा प्राणी आपल्या एप्रिल-मेमध्ये धापा टाकतो, हे घेणाऱ्यांना उन्हाळ्यात कळलं. पुढे हस्कीची लाट आली. बर्फातला दुपदरी अंगरखा घेऊन तो सोलापूरच्या गच्चीवर उभा राहिला. अशा लाटेवर स्वार झालं की केनेलचा पत्रा जाऊन स्लॅब पडतो. न झालं की नातेवाईक व्यवहार शिकवायला येतात.

त्याहून अवघड निर्णय घरातच असतात. आमच्याकडे लॅब्रेडॉरची एक मादी होती. डोकं, शेपूट, चाल, स्वभाव, सगळं लोभस. तिच्या मेटिंगसाठी लोक आधीपासून सांगून ठेवत होते. दोन वर्षांची झाल्यावर मागच्या पायांचे एक्स-रे काढले, तर खुब्याची खोबण उथळ निघाली. हिप डिस्प्लेशिया. हा दोष बऱ्याच अंशी वंशातून येतो आणि मोठ्या जातींत सर्रास आढळतो. तिच्या चालीत तेव्हा काहीच दिसत नव्हतं, आणि कुणी विचारणारही नव्हतं. 1896 साली स्थापन झालेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वंशावळ सांगतात. खुबा, डोळे, स्वभाव यांची हमी देत नाहीत. सासऱ्यांनी तिची नसबंदी करून घेतली. त्या रात्री जेवताना कुणी बोललं नाही. ती खाली टेबलाशी नेहमीसारखी भाकरीच्या तुकड्याची वाट बघत होती.

कारवानीचा हट्ट

सासऱ्यांची कारवानी जोडी हिशेबात कधीच बसत नाही. लांब तोंड, पिंजऱ्यासारखी छाती, आत गेलेलं पोट. बघायला येणारे विचारतात, "खायला घालत नाही का?" वासापेक्षा नजरेने शिकार करणारी ही जात दख्खनच्या माळावर शेतकरी-मेंढपाळांनी सांभाळली. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कॅरव्हान हाउंड या नावाने करतं. टपाल खात्याने 2005 साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, आणि 2016 साली सैन्याच्या मेरठच्या केंद्राने या जातीची पिल्लं प्रशिक्षणासाठी घेतली.

ही जात केनेलवाल्यांनी नाही, घराघरांनी टिकवली. नराच्या मालकाला पैशांऐवजी वेतातलं पसंतीचं पिल्लू द्यायचं, ही रीत अजून आहे. आता कौतुक वाढलंय आणि त्याबरोबर फ्लॅटमधून मागणीही. धावायला माळ लागणारं कुत्रं दोन खोल्यांत द्यायचं नाही, असं सासरे ठरवून बसलेत. त्यामुळे कारवानीची पिल्लं कमी किमतीत, पण मोकळं शिवार असलेल्या घरी जातात.

मग पैसे कशात मिळतात? चांगली दोन वेतं झाली, सिझेरियन टळलं, गोचीडताप आला नाही, तर वर्ष निघतं. सुट्टीला सगळे मिळून आम्ही कधी गेलेलो नाही. धाकट्या दिराने नोकरी धरली आणि पगारातून शेडची फरशी झाली. पिल्लू नेलेल्या घरांतून फोटो येतात. कुणाच्या नातीच्या बारशात, कुणा रुग्णाच्या पलंगाशेजारी आमचं कुत्रं बसलेलं असतं. ते फोटो सासूबाई शेजारणींना सोन्यासारखे दाखवतात.

पिल्लू घ्यायला कुठेही गेलात, तर आई दाखवा म्हणा, ते सगळे सांगतातच. मी आणखी एक गोष्ट सुचवेन. वेतं संपलेल्या माद्या कुठे आहेत ते विचारा. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं आणि मादीची वेतं त्याच्या निम्म्यातच आटोपतात. उरलेली वर्षं ती खाते, झोपते, औषधं घेते आणि एक पैसाही मिळवून देत नाही. तिला शेवटपर्यंत सांभाळायचं आणि मग स्वतःच्या हाताने पुरायचं, यात केनेलवाल्याचा सगळा नफा जातो. ज्याच्या अंगणात तोंडावर पांढरं आलेली दोन-तीन कुत्री उन्हात पसरलेली दिसतात, त्याने तो खर्च केलेला आहे. जिथे सगळी कुत्री तरुण असतील, तिथून पिल्लू न घेता परत फिरा.